सेझान आणि झोला यांचं नेमकं कुठं बिनसलं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंड्यातल्या आमच्या वाचक कट्ट्यावर मध्यंतरी सेझान आणि झोला यांच्या मैत्रीवर बोलणं झालं. बोलणं बरं झालं, पण खरा रंग भरला तो नंतर, चहाभज्यांच्या वेळी. अल्तिनोच्या कला महाविद्यालयातून शिकून आलेली मंडळी एकजात सेझानच्या बाजूची, पुस्तकवाली झोलाची. कोण कोणाशी वाईट वागला यावरून आवाज चढले. तेव्हापासून बाजारात, बसमध्ये, अगदी जात्रेच्या गर्दीतसुद्धा कुणी ना कुणी गाठतं आणि तेच विचारतं. एकेकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा सगळ्यांची उत्तरं इथं एकत्र लिहून ठेवते. मी कोणाच्या बाजूची, ते वाचता वाचता कळेलच.

हे दोघे कोण, ते आधी थोडक्यात सांगाल?

पॉल सेझान, चित्रकार. जन्म १९ जानेवारी १८३९, दक्षिण फ्रान्समधलं एक्स-आं-प्रोव्हान्स. पुढे मी नुसतं एक्स म्हणते. वडील आधी टोप्यांचा धंदा करायचे, मग बँक काढली. घरात पैसा, पण तिजोरीची किल्ली वडिलांच्या कमरेला.

एमिल झोला, कादंबरीकार. जन्म २ एप्रिल १८४०, पॅरिस. वडील मूळचे व्हेनिसचे इंजिनीयर. एक्सला पाणी पुरवणारं धरण बांधायचं म्हणून कुटुंब तिथं आलं आणि १८४७ मध्ये वडीलच गेले. मागे आई, कोर्टकज्जे आणि सात वर्षांचाही न झालेला मुलगा. ते धरण नंतर पुरं झालं आणि आजही झोलाच्या वडिलांच्या नावाने ओळखलं जातं.

भेट कशी झाली? ती सफरचंदांची गोष्ट खरी का?

१८५२ मध्ये, एक्सच्या कोलेज बूर्बों या शाळेत. झोला अंगाने बारका, गरीब, बोलण्यात पॅरिसची ढब. पोरांनी त्याला वाळीत टाकलं होतं. सेझान त्याच्याशी बोलायला गेला म्हणून बाकीच्यांनी सेझानलाच बदडलं. दुसऱ्या दिवशी झोला टोपलीभर सफरचंदं घेऊन हजर.

ही गोष्ट म्हातारपणी सेझानने गास्के नावाच्या कवीला सांगितली, आणि गास्केने ती सेझान गेल्यावर पुस्तकात छापली. गास्के गोष्टी फुलवून सांगणारा, म्हणून अभ्यासक जरा जपूनच तिच्याकडे पाहतात. माझं विचाराल तर टोपलीच्या आकाराबद्दल शंका घ्या, पण मार खाल्ला असणार. सेझानचा पुढचा सगळा स्वभाव त्याला धरूनच आहे.

सेझानने जन्मभर सफरचंदं रंगवली त्याचा धागा या टोपलीशी जोडायचा मोह सगळ्यांनाच होतो. जोडा हवं तर. पण सफरचंद जागचं हलत नाही, हे कारण सेझानला पुरेसं होतं. व्होलार हा त्याचा चित्रविक्रेता पोर्ट्रेटसाठी बसला असताना डुलकी लागून खाली पडला, तेव्हा ‘सफरचंद हलतं का?’ म्हणून सेझान त्याच्यावर खेकसला होता. हे व्होलारनेच लिहून ठेवलंय.

शाळेत हुशार कोण होता?

इथं गंमत आहे. लॅटिन आणि ग्रीकमध्ये बक्षिसं सेझानला, चित्रकलेचं बक्षीस झोलाला. पत्रांतून लांबलचक पद्यं पाडायचा तो सेझान. पुढे झोला शालान्त परीक्षेत नापास झाला, तीही एकदा नव्हे, दोनदा.

तिसरा मित्र होता ना कुणीतरी?

होता, बातिस्तँ बाय. तिघांना गावात ‘अविभाज्य त्रिकूट’ म्हणत. आर्क नदीत पोहणं, डोंगर तुडवणं, व्हिक्तोर ह्यूगोच्या कविता मोठ्याने म्हणणं हे तिघांचे उद्योग. बाय पुढे विज्ञानाकडे वळला, प्राध्यापक झाला आणि या कथेतून बाजूला झाला. शहाणा म्हणायचा.

पॅरिसला कोणी कोणाला नेलं?

झोला आईपाठोपाठ १८५८ मध्ये पॅरिसला गेला. सेझान मागे राहिला, वडिलांच्या आग्रहाखातर कायदा शिकत. त्या काळात झोलाने त्याला ढिगाने पत्रं लिहिली. त्यातलं मार्च १८६१ चं एक पत्र माझं फार आवडतं, कारण त्यात कलेबद्दल थोडं आणि हिशेबाबद्दल जास्त आहे. महिन्याला १२५ फ्रँकमध्ये पॅरिसला भागेल का, असं सेझानने विचारलं होतं. झोला मांडून दाखवतो: खोलीचे २०. दुपारचं जेवण १८ सू, रात्रीचं २२ सू, म्हणजे दिवसाला २ फ्रँक, महिन्याला ६०. स्टुडिओची फी १०. कॅनव्हास, ब्रश, रंग यांचे १०. झाले १००. उरलेले २५ धुलाई, दिवाबत्ती, तंबाखू आणि बारीकसारीक मौजेला. वर दिवसाचं वेळापत्रक: सकाळी ६ ते ११ मॉडेल समोर बसवून काम, जेवण, मग १२ ते ४ लूव्हर संग्रहालयात जुन्या चित्रांच्या नकला.

स्वतः तेव्हा झोला बेकार होता आणि धड जेवतही नव्हता. घरापासून दूर राहिलेल्या कोणालाही हे पत्र वाचून पोटात कालवेल. आपल्याकडेही चित्रं काढायची म्हणजे घर सोडणं आलंच. साळगावचे फ्रान्सिस न्यूटन सोझा मुंबईला गेले. मडगावचे लक्ष्मण पै मुंबईत शिकून १९५१ मध्ये थेट पॅरिसलाच गेले आणि दहाएक वर्षं तिथं राहिले.

मग सेझान रमला का पॅरिसला?

छे. एप्रिल १८६१ मध्ये पोचला, पानगळीच्या सुमारास परत. मधल्या काळात तो झोलाचं एक पोर्ट्रेट करत होता. एके दिवशी झोला पाहतो तर सेझान सामान भरतोय. पोर्ट्रेटचं काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाला, फाडून टाकलं. त्याच काळात झोलाने बातिस्तँ बायला लिहिलं की सेझानला एखादी गोष्ट पटवणं म्हणजे नोत्र-दाम चर्चच्या मनोऱ्यांना नाच करायला राजी करणं.

गावी जाऊन सेझानने वडिलांच्या बँकेत खर्डेघाशी केली, आणि १८६२ च्या अखेरीला पुन्हा पॅरिस गाठलं.

स्पर्धा नेमकी कशात होती? एक रंगवतो, एक लिहितो. एकमेकांच्या आड यायचं कारणच काय?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो. पैसा आणि नाव यांची स्पर्धा म्हणाल तर ती कधीच एकतर्फी झाली. १८७७ मध्ये ‘ल'आसोम्वार’ ही दारूड्यांच्या वस्तीवरची कादंबरी गाजली आणि झोला श्रीमंत झाला. पुढच्याच वर्षी त्याने सेन नदीकाठी मेदाँ इथं ९,००० फ्रँकला घर घेतलं आणि मग ते वाढवतच नेलं. सेझानची चित्रं तोवर सरकारी प्रदर्शनातून, म्हणजे सालोनमधून, वर्षानुवर्षं परत येत होती. तिथं त्याचं चित्र लागलं ते एकदाच, १८८२ मध्ये. तेही परीक्षक मंडळातल्या गियमे या मित्राचा ‘विद्यार्थी’ म्हणून. वय ४३, आणि विद्यार्थी!

पण मला वाटतं, चुरस दुसऱ्याच गोष्टीत होती. दोघांनाही एकच प्रदेश हवा होता. झोलाने एक्सला ‘प्लासां’ असं नाव देऊन आपल्या ‘रूगों-माकार’ या वीस कादंबऱ्यांच्या मालिकेचं मूळ गाव केलं. सेझानने तिथला सँत-व्हिक्त्वार डोंगर पुन्हा पुन्हा रंगवला. पोरवयात एकत्र पाहिलेला मुलूख, आणि तो आता कोणाच्या हातून जगापुढे जाणार? एकाने त्यात माणसं भरली, दुसऱ्याने माणसं जवळजवळ काढूनच टाकली.

झोला तर चित्रांवर लिहायचा. मग त्याने मित्रासाठी लेखणी उचलली का?

सगळी मेख इथं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

१८६६ मध्ये झोलाने एका दैनिकात सालोनवर लेखमाला लिहिली. एदुआर माने या चित्रकाराची बाजू इतकी तडफेने घेतली की वाचक खवळले आणि मालिका आवरती घ्यावी लागली. पुढच्या वर्षी मानेवर स्वतंत्र लेख. मानेनेही १८६८ मध्ये झोलाचं पोर्ट्रेट करून परतफेड केली. ते आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे.

आणि सेझान? १८६६ च्या लेखमालेचं पुस्तक निघालं तेव्हा ते त्याला अर्पण केलेलं आहे. अर्पणपत्र सुरेख आहे, दहा वर्षं आपण कला आणि साहित्य यांबद्दलच बोलत आलो, असं त्यात म्हटलंय. पण त्याच्या चित्रांबद्दल अवाक्षर नाही. त्यानंतर १८७७ मध्ये, इम्प्रेशनिस्ट या नव्या वळणाच्या चित्रकारांच्या तिसऱ्या प्रदर्शनाच्या वेळी, मार्सेय शहरातल्या एका वर्तमानपत्रात झोला लिहितो की सेझान हा या गटातला निःसंशय सर्वांत मोठा रंगकार. सुंदर! पण मार्सेयला छापून पॅरिसमध्ये कोण वाचणार? १८८० मध्ये पुन्हा एक वाक्य: मोठ्या चित्रकाराची वृत्ती आहे, पण अजून तंत्राच्या शोधात झटापट करतोय.

त्या ‘अजून’पाशी मी दरवेळी थांबते. ज्याच्या एका लेखाने मानेचं नाव घरोघरी पोचलं, त्याने लहानपणच्या मित्रासाठी तेवढा एक लेख कधी लिहिला नाही. त्याला सेझानची चित्रं मनापासून पटलीच नसतील, तर खोटं लिहिलं नाही हे प्रामाणिकपणाचं झालं. पण मग पुढे जे लिहिलं ते तरी का लिहिलं?

पैशाची मदत झोलाने केली, हे तरी खरं ना?

अगदी खरं, आणि झोलाची निंदा करणाऱ्यांनी हे आधी वाचावं. सेझानला ओर्तान्स फिके हिच्यापासून जानेवारी १८७२ मध्ये मुलगा झाला होता. लग्न केलेलं नव्हतं आणि वडिलांपासून सगळं लपवलेलं. १८७८ मध्ये वडिलांनी मुलाच्या नावची पत्रं फोडली, संशय पक्का झाला आणि भत्त्याला कात्री लागली. सेझानचं वय ३९! त्याने झोलाला लिहिलं, ओर्तान्सला ६० फ्रँक पाठव. झोलाने पाठवले, आणि पुढच्या महिन्यांतही पाठवत राहिला. परत कधी देणार, असं विचारल्याचं कुठं दिसत नाही.

६० फ्रँक, म्हणजे १८६१ च्या त्या पत्रातला बरोबर महिन्याच्या जेवणाचा आकडा. योगायोग असेल.

मेदाँच्या घरी सेझान जायचा का?

जायचा. झोलाच्या होडीतून पलीकडच्या बेटावर जायचं आणि तिथून काठावरची घरं रंगवायची. होडीचं नाव ‘नाना’, झोलाच्या गाजलेल्या नायिकेवरून. तिथलं एक चित्र आज ग्लासगोच्या बरेल संग्रहात आहे. दिवाणखान्यात मात्र तो अवघडायचा. नोकरचाकर, नावाजलेले लेखक, जेवणाच्या लांब पंगती. शेवटची भेट जुलै १८८५ मधली.

आता त्या कादंबरीबद्दल सांगा. तिच्यात असं काय आहे?

नाव ‘ल'अव्र’. डिसेंबर १८८५ पासून एका दैनिकात क्रमशः आली, १८८६ च्या वसंतात पुस्तक निघालं. नायक क्लोद लांतिए, प्लासांहून पॅरिसला आलेला चित्रकार. डोक्यात भव्य चित्रं, हातून पुरं काही होत नाही. बायको क्रिस्तीन त्या चित्रापुढे सवतीपुढे झुरावं तशी झुरते. मूल मरतं, तर हा मेलेल्या मुलाचं चित्र काढतो. ते एकच चित्र सालोनमध्ये घेतात, तेही इतक्या उंचावर टांगतात की कोणाला नीट दिसत नाही. शेवटी अपुऱ्या राहिलेल्या मोठ्या चित्रासमोर तो गळफास घेतो. त्याचा बालमित्र सांदोझ हा कादंबरीकार आहे, गुणी, कष्टाळू, यशस्वी. तो मित्राला पुरून येतो आणि म्हणतो, चला, कामाला लागू.

सांदोझ म्हणजे झोला स्वतः, यात कोणालाच शंका नाही. स्वतःला इतकं समजूतदार रंगवणाऱ्या लेखकाचा मला थोडा राग येतो. पण प्लासांच्या पोरवयाचं वर्णन वाचा, नदीतलं डुंबणं, उन्हातली पायपीट. ते प्रेमाने लिहिलेलं आहे, तिथं लबाडी नाही.

पण लांतिए म्हणजे सेझानच, असं कशावरून?

नुसता सेझान नाही. लांतिएचं जे चित्र सालोनने नाकारलेल्यांच्या प्रदर्शनात हशा पिकवतं, ते १८६३ मधल्या मानेच्या चित्रावरून सरळ उचललेलं आहे: झाडीत उघडी बाई आणि शेजारी कोट घातलेला पुरुष. हे कादंबरीकाराचं मिश्रण आहे. पण लहानपण, गाव, मित्र, स्वतःची चित्रं फाडणं, लोकांपुढे बुजणं हे सगळं सेझानचं. पॅरिसच्या बाहेर सेझानला ओळखणारं तेव्हा कोणी नव्हतं. ज्या मोजक्या लोकांना ओळख होती त्यांना तो दिसला, आणि तेवढंच पुरलं. क्लोद मोने हा इम्प्रेशनिस्ट चित्रकार तर इतका अस्वस्थ झाला की त्याने ५ एप्रिल १८८६ ला झोलाला पत्र लिहिलं: आमचे शत्रू हे पुस्तक हातात घेऊन आम्हाला झोडपतील.

आणखी एक गोष्ट, जी मला कादंबरीपेक्षा जास्त खटकते. मे १८८५ मध्ये सेझान कुठल्याशा स्त्रीच्या प्रेमात होता आणि तिची पत्रं झोलाच्या पत्त्यावर येऊ दे, ती मला गुपचूप पोचती कर, अशी गळ त्याने झोलाला घातली होती. झोला हे टपालाचं काम करत होता, त्याच महिन्यात त्याने ‘ल'अव्र’ लिहायला घेतली. जुलैत सेझान मेदाँला आला तेव्हा वर कामाच्या खोलीत टेबलावर लांतिए होता.

सेझानने वाचून काय उत्तर दिलं?

गार्दान या गावाहून, ४ एप्रिल १८८६. चार ओळींचं पत्र. मजकूर असा: तू पाठवलेलं ‘ल'अव्र’ आत्ताच मिळालं. या आठवणीच्या खुणेबद्दल मी रूगों-माकारच्या लेखकाचे आभार मानतो, आणि जुनी वर्षं मनात आणून त्याचा हात हाती घ्यायची परवानगी मागतो. सरलेल्या काळाच्या ओढीने, सर्वस्वी तुझा.

आरडाओरडा नाही, टोमणा नाही. मित्राला ‘लेखक’ म्हणून तिसऱ्या पुरुषात बोलावलंय, एवढंच.

म्हणजे त्या दिवशी मैत्री संपली?

बहुतेक पुस्तकांत तसंच लिहिलेलं असायचं. जॉन रिवाल्ड यांच्यासारख्या मोठ्या अभ्यासकाने हे शेवटचं पत्र मानलं आणि सगळ्यांनी री ओढली. मग २०१३ च्या सुमारास आणखी एक पत्र उजेडात आलं, तारीख २८ नोव्हेंबर १८८७. त्यात सेझान ‘ला तेर’ या झोलाच्या पुढच्या कादंबरीची पोच देतो, आणि तू परत आलास की येऊन हात मिळवीन, असंही म्हणतो. म्हणजे ‘ल'अव्र’नंतर दीड वर्षाने झोला पुस्तकं पाठवत होता आणि सेझान भेटायचं म्हणत होता. एका कागदाने शंभर वर्षांची ठाम विधानं सैल केली.

मग तुमच्या मते बिनसलं कशाने?

हळूहळू, आणि कादंबरीच्या आधीपासून. १८८६ हे साल सेझानसाठी भलतंच होतं: एप्रिलमध्ये कादंबरी आली, त्याच महिन्याच्या अखेरीस ओर्तान्सशी लग्न लागलं, ऑक्टोबरमध्ये वडील वारले आणि तो एकाएकी पैसेवाला झाला. साठ फ्रँकांसाठी पत्र लिहायची वेळ आता उरली नाही. मागणारा आणि देणारा असं वर्षानुवर्षांचं नातं असलं की मागणं संपल्यावर काय बोलायचं हेच कळत नाही.

त्यापेक्षा मोठं कारण मला ते न लिहिलेले लेख वाटतात. माझ्या कामाबद्दल याच्या मनात काय आहे, हे सेझानला वीस वर्षं नीट कळलं नव्हतं. ते कळलं कादंबरीतून. चिडण्यापेक्षा तो गप्प झाला असावा, कारण गप्प राहायची सुरुवात झोलाने केली होती. चित्रकलेच्या मंडळींना हे उत्तर आवडतं, पुस्तकवाल्यांना नाही. असो.

झोलाने नंतर कधी चूक कबूल केली का?

उलट. नोव्हेंबर १८९५ मध्ये व्होलारने पॅरिसला सेझानचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन भरवलं आणि तरुण चित्रकार अवाक् झाले. पुढच्याच मे महिन्यात झोलाने ‘फिगारो’ या दैनिकात लेख लिहिला. त्यात सेझानला ‘माझा मित्र, माझा भाऊ’ म्हटलंय, आणि त्याच वाक्यात ‘अर्ध्यावर राहिलेला मोठा चित्रकार’. ज्याला जग नुकतं पाहू लागलं होतं, त्याला सर्वांत जुन्या मित्राने लांतिएच्याच माळेत बसवलं.

पुन्हा भेट झाली नाही?

नाही. १८९६ मध्ये झोला एक्सला येऊन नुमा कोस्त या जुन्या सोबत्याकडे उतरला. सेझान गावात असून दोघं भेटले नाहीत. त्यावर व्होलारने एक करुण किस्सा लिहिलाय, पण व्होलार किश्शांना मीठमिरची लावायचा, म्हणून तो इथं देत नाही.

ड्रेफस प्रकरणामुळे तुटलं, असं एकाने सांगितलं.

तोवर तुटायचं ते तुटून गेलं होतं. ड्रेफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्यावर देशद्रोहाचा खोटा आळ आला होता, त्याच्या बाजूने झोलाने लिहिलेलं ‘मी आरोप करतो’ हे जाहीर पत्र १३ जानेवारी १८९८ चं. खटला झाला, शिक्षा झाली, जुलैत त्याला इंग्लंडला पळून जावं लागलं, जवळजवळ वर्षभर. सेझान तेव्हा नेमाने चर्चमध्ये जाणारा, जुन्या वळणाचा गृहस्थ. तो या वादात जाहीरपणे पडला नाही. धाडसात झोला मोठाच, तिथं माझीही त्याला मान लवते.

झोला गेला तेव्हा सेझानचं काय झालं?

२९ सप्टेंबर १९०२. पॅरिसच्या घरात धुराडं तुंबलं आणि रात्री कार्बन मोनॉक्साइडने झोला गुदमरला. धुराडं मुद्दाम बुजवलं होतं का, हा वाद अजून चालू आहे. बातमी ऐकून सेझानने स्टुडिओचं दार आतून लावून घेतलं आणि दिवसभर तो रडत होता, असं त्याच्या जवळच्यांनी सांगितलं आहे.

२७ मे १९०६ ला एक्सच्या मेजान ग्रंथालयात झोलाचा अर्धपुतळा बसवला. घडवला होता दोघांच्याही बालमित्राने, फिलिप सोलारीने. नुमा कोस्त बोलायला उभा राहिला, त्याने पोरवयाच्या आठवणी काढल्या. सेझान सगळ्यांदेखत हुंदके देत होता. त्याच ऑक्टोबरात डोंगराकडे चित्र काढत असताना तो वादळी पावसात सापडला आणि आठवड्याभरात गेला.

झोलाकडे सेझानची चित्रं होती म्हणे, माळ्यावर टाकलेली?

होती, बहुतेक तरुणपणीची. मार्च १९०३ मध्ये झोलाच्या संग्रहाचा पॅरिसला लिलाव झाला, त्यात ती निघाली. रोशफोर नावाच्या ड्रेफसविरोधी पत्रकाराने आपल्या दैनिकात ‘कुरूपतेचं प्रेम’ या मथळ्याखाली लेख पाडला: असली चित्रं जपणारा माणूस देशद्रोह्याची बाजू घेणार नाही तर काय! म्हणजे झोलावरचा राग सेझानवर निघाला. एक्समधल्या सज्जनांनी त्या अंकाच्या प्रती रात्री सेझानच्या दाराखालून सरकवल्या. मुलाने अंक पाठवू का विचारलं तर सेझान लिहितो, नको, रोज दाराखाली मिळतोच, शिवाय टपालानेही येतो. दोस्ती संपून इतकी वर्षं झाली होती, आणि शिव्या खाताना लोकांनी दोघांना पुन्हा एकत्र आणलं.

सेझानने झोलाचं चित्र कधी पुरं केलं का?

१८६९-७० च्या सुमारचं एक मोठं चित्र ब्राझीलमध्ये साओ पावलोच्या संग्रहालयात आहे. पॉल अलेक्सी हा मित्र वाचून दाखवतोय आणि झोला खाली मांडी घालून ऐकतोय. अलेक्सी बऱ्यापैकी रंगवलेला, झोलाचं अंग मात्र पांढरं, जवळजवळ कोरा कॅनव्हास. तो तसाच राहिला. झोलाची पत्नी गेल्यानंतर, १९२७ मध्ये, हे चित्र घरच्या माळ्यावर सापडलं.

दुसरं एक जरूर बघा, छापील प्रतीत का होईना: काळं घड्याळ. घड्याळ झोलाच्या घरातलं, काळ्या संगमरवरी पेटीचं. त्याला काटेच नाहीत. शेजारी लाल ओठांचा मोठा शंख, लिंबू, कपबशी, आणि खळ घातल्यासारख्या कडक घड्यांचा पांढरा टेबलक्लॉथ. झोलाचं सेझानने केलेलं सर्वांत चांगलं पोर्ट्रेट हेच, असं माझं मत. त्यात झोला नाही, ही अडचण आहे खरी.

शेवटी जिंकलं कोण?

झोलाला १९०८ मध्ये राष्ट्रीय स्मारकात, पाँतेआँमध्ये नेलं. सेझान गावच्या स्मशानात आहे. एक्सच्या डोंगराला लोक आज सेझानचा डोंगर म्हणतात, धरणाला झोलाचं धरण म्हणतात, पण ते त्याच्या बापाचं. पुढचं तुम्ही ठरवा.

गोव्यात अशी जोडी होऊन गेली का?

ओढूनताणून जोडी लावायची माझी तयारी नाही. पण दोन नावं इथं सुचतात. मडगावचे दीनानाथ दलाल यांनी जन्मभर लेखकांच्या शब्दांशेजारी चित्रं मांडली आणि १९४५ मध्ये ‘दीपावली’ अंक स्वतः काढला. तिथं ब्रश आणि लेखणी गुण्यागोविंदाने नांदली. आणि सोझा. १९५५ मध्ये लंडनच्या एका नियतकालिकात त्यांचं स्वतःवरचं खणखणीत लेखन छापून आलं, त्याच सुमारास गॅलरी वनमधलं त्यांचं प्रदर्शन गाजलं आणि परदेशात नाव झालं. चित्रकारामागे योग्य वेळी शब्द उभे राहिले तर काय होतं, याचा हा दाखला. सोझांनी ते शब्द स्वतःच लिहिले, झोलाची वाट पाहिली नाही.

मी म्हापशाची. कथा लिहिते, आणि माझा जवळचा मित्र चित्रकार आहे. त्याच्यावर लिहिलं तर चालेल का ताई?

लिहा. लेखकाला कोणी अडवू शकत नाही. पण छापायच्या आधी त्याला वाचायला द्या. परवानगीसाठी म्हणून नको, दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून. सेझानच्या हाती पुस्तक पडलं तोवर पॅरिसने ते तीन महिने हप्त्याहप्त्याने वाचलं होतं. आणि कथेआधी त्याच्या एखाद्या प्रदर्शनावर, त्याचं खरं नाव घालून, चार परिच्छेद लिहा. आवडलं नाही ते पण लिहा.

हे सगळं वाचायचं तर सुरुवात कुठून करू?

इंग्रजी चालत असेल तर ‘ल'अव्र’चा ‘द मास्टरपीस’ नावाचा अनुवाद ऑक्सफर्डच्या अभिजात मालिकेत आहे. सेझानच्या पत्रांचा अॅलेक्स डॅन्चेव्ह यांनी केलेला इंग्रजी अनुवाद आहे, तो शेजारी ठेवून वाचा. फ्रेंच येणाऱ्यांसाठी आंरी मितरां यांनी दोघांची पत्रं समोरासमोर लावलेला खंड २०१६ मध्ये निघाला. घरात पोर्तुगीज काळातल्या लिसेव शाळेत फ्रेंच शिकलेले आजोबा असतील तर त्यांना कामाला लावा. विकत घेण्याआधी पाट्टोच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात चौकशी करा. कट्ट्यावरची माझी प्रत मागू नका. ती चित्रकलेवाल्यांपैकी कोणीतरी नेली आहे आणि सांदोझच्या पानांवर पेन्सिलीने काय काय लिहून ठेवलंय म्हणे.